कोऱ्या पानाचा हक्क

पेंचच्या अरण्याला टेकलेल्या कोलितमाऱ्यापासून कोळशाच्या खाणींशेजारी वाढलेल्या कन्हानपर्यंत पसरलेला पारशिवनी तालुका नागपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात येतो. आणि या तालुक्यात धान व कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा शासनाशी जो व्यवहार पूर्वी पटवाऱ्याच्या दप्तराशी, तहसील कचेरीच्या खिडकीशी आणि अर्जनविसाच्या टेबलाशी होत असे, त्यातील फार मोठा भाग आता ब्राउझर नावाच्या साधनातून होऊ लागला आहे. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीची केंद्रीय ऑनलाईन प्रवेशप्रक्रिया मोठ्या शहरांपुरती न राहता साऱ्या राज्याला लागू झाली. उत्पन्नाचा व जातीचा दाखला, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएम-किसानची ई-केवायसी, असे नागरिकाच्या आयुष्यातील बहुतेक महत्त्वाचे दस्तऐवज याच मार्गाने येतात-जातात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. त्या हक्काचा प्रत्यक्ष उपभोग घ्यावयाचा, तर आज त्याचा आरंभ बहुधा ब्राउझर उघडण्यापासूनच होतो.

या साधनात एक काम चालू असता दुसरे हाती घ्यावयाचे म्हणजे नवा टॅब उघडावयाचा. आपले सरकार सेवा केंद्रातील चालकाला एकाच अर्जासाठी संकेतस्थळ एका टॅबमध्ये, शुल्काचा भरणा दुसऱ्यात आणि पावती तिसऱ्यात, अशी उघडझाप करीत राहावे लागते; आणि दर वेळी, पत्ता लिहिण्यापूर्वीच्या त्या अवकाशात, त्याच्यासमोर असे एक पान येते की जे त्याने मागितलेले नसते. त्या पानावर मधोमध शोधाची चौकट असते, खाली पूर्वी पाहिलेल्या संकेतस्थळांचे चौकोन असतात, आणि कित्येक ब्राउझरांत त्याखाली बातम्यांचा व जाहिरातींचा अखंड ओघ असतो. हे पान कसे उघडावे, त्यावर काय असावे आणि काय नसावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मला या लेखात मांडावयाचा आहे. माझे मत असे की, तो अधिकार सर्वस्वी वापरणाऱ्याचा आहे. तो त्याला सोप्या रीतीने व मराठीत वाचता येईल अशा स्वरूपात मिळाला पाहिजे. आणि जेथे संगणक सार्वजनिक उपयोगाचा आहे, तेथे सार्वजनिक संस्थेने तो लोकांच्या वतीने विचारपूर्वक बजावला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ब्राउझरमध्ये तीन निरनिराळी पाने असतात आणि त्यांची गल्लत सर्रास होते. ब्राउझर सुरू करताच जे दिसते ते प्रारंभीचे पान. घराच्या चिन्हावर दाबले असता जे येते ते होमपेज. आणि अधिकचे चिन्ह दाबले, किंवा कळफलकावरील कंट्रोल व टी या कळा एकत्र दाबल्या, की जे येते ते नव्या टॅबचे पान. पहिली दोन पाने वाचकाने आपल्या पसंतीने ठरवावीत, अशी तरतूद संगणकावरील बहुतेक प्रमुख ब्राउझरांत दीर्घकाळ चालत आली आहे. तिसऱ्या पानाच्या बाबतीत मात्र, जे दिवसभरात सर्वांत अधिक वेळा उघडते त्याच्याच बाबतीत, उत्पादकांनी हात आखडता घेतलेला दिसतो. गूगल क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सामान्य वापरकर्त्याला नव्या टॅबसाठी स्वतःचा पत्ता लिहून ठेवण्याची सोय नाही. पार्श्वचित्र बदलता येते, चौकोन लपवता येतात, परंतु पान कंपनीचेच राहते. याउलट ॲपलच्या सफारीत नवा टॅब रिकामा उघडावा, होमपेजवर उघडावा की चालू पानावरच उघडावा, हे एका ओळीत निवडता येते. आणि ऑपेराचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर यांनी पुढे काढलेल्या विवाल्डी या ब्राउझरमध्ये वाचक आपल्या आवडीचे पान तेथे बसवू शकतो. म्हणजे अडचण तंत्राची नाही, हे उघड आहे.

याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, क्रोम व मायक्रोसॉफ्टचा एज या दोन्ही ब्राउझरांत नव्या टॅबचा पत्ता ठरवून देणारी तरतूद अस्तित्वात आहे. परंतु ती मोठ्या संस्थांच्या संगणक-व्यवस्थापकांसाठी धोरणाच्या रूपाने ठेवलेली आहे. ज्या कार्यालयाचे शेकडो संगणक एका मध्यवर्ती व्यवस्थेखाली आहेत, त्याच्या व्यवस्थापकाला आपल्या कर्मचाऱ्यांचा नवा टॅब कोठे उघडावा हे ठरवता येते. पारशिवनीतील ज्या विद्यार्थ्याने वडिलांच्या कापसाच्या पैशातून एक संगणक घेतला, त्याला स्वतःच्या यंत्रावर तेवढा अधिकार सहजपणे मिळत नाही. मालकी लहान असली म्हणून हक्कही लहान व्हावा, याला न्यायाचा कोणताही आधार नाही.

हे पान मुळापासून असे नव्हते, आणि ते असे कसे झाले याचा इतिहास उद्बोधक आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० मध्ये पहिला ब्राउझर सिद्ध केला. १९९३ मध्ये मोझेक हा ब्राउझर आला आणि चित्रे व मजकूर एकत्र पाहण्याची सोय सामान्य वाचकाच्या आटोक्यात आली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेस खुले केले. त्या काळात एका खिडकीत एकच पान असे आणि दुसरे पान हवे असल्यास दुसरी खिडकी उघडावी लागे. एकाच खिडकीत अनेक टॅब ठेवण्याची पद्धत त्या दशकात नेटकॅप्टरसारख्या साधनांनी आणली, नोव्हेंबर २००४ मधील फायरफॉक्सच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीने ती सर्वदूर पोहोचवली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीनेही ती स्वीकारली. त्या वेळच्या फायरफॉक्समध्ये नवा टॅब उघडला की कोरे पान येई. वाचकाने पत्ता लिहावा आणि आपल्या कामाला लागावे, एवढाच त्याचा आशय होता.

२००७ मध्ये ऑपेराने त्या कोऱ्या जागेत नऊ चौकोन मांडले. परंतु त्या चौकोनांत कोणती संकेतस्थळे असावीत, हे वाचक स्वतः ठरवीत असे. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला आणि त्यानेही नऊ चौकोन मांडले. मात्र ते वाचकाने निवडलेले नसून, त्याच्या भेटींची नोंद ठेवून ब्राउझरने निवडलेले होते. या दोन रचना दिसण्यात सारख्या होत्या, परंतु त्यांच्यामागील तत्त्वांत महदंतर होते: एकीत माणूस आपली इच्छा सांगतो, दुसरीत यंत्र त्याच्या वर्तनावरून त्याची इच्छा गृहीत धरते. पुढील काळ या दुसऱ्या तत्त्वाच्या बाजूने गेला. जून २०१२ मध्ये फायरफॉक्सनेही कोरे पान सोडून चौकोनांचे पान स्वीकारले, २०१४ मध्ये त्यांत प्रायोजित चौकोनांचा शिरकाव झाला, आणि सप्टेंबर २०१५ च्या एकेचाळिसाव्या आवृत्तीत, नव्या टॅबला स्वतःचा पत्ता देण्याची जी अंतर्गत मुभा जाणत्या वाचकांना होती, तीही काढून घेण्यात आली. त्यानंतर ज्यांना आपला पत्ता हवा होता, त्यांना एक्स्टेन्शन म्हणवल्या जाणाऱ्या बाहेरच्या जोडणीचा आश्रय घ्यावा लागू लागला. अशा प्रकारे जे पान वाचकाच्या विचाराला मोकळे होते, ते थोड्याच वर्षांत इतरांच्या हेतूंनी व्यापले गेले.

हे हेतू किती मोलाचे आहेत, हे अमेरिकेतील एका खटल्यातून जगासमोर आले. वाचक ब्राउझर उघडील तेव्हा आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, एवढ्यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिले होते, असे त्या खटल्यात निष्पन्न झाले. आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी, शोधाच्या व्यवसायातील मक्तेदारी गूगलने बेकायदेशीर रीतीने टिकवून ठेवली, असा निर्णय दिला. युरोपातही असा प्रसंग येऊन गेला आहे: ब्राउझर निवडण्याची संधी वापरणाऱ्याला देण्याचे वचन मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिले होते, आणि ते काही काळ पाळले गेले नाही म्हणून मार्च २०१३ मध्ये त्या कंपनीला ५६.१ कोटी युरोचा दंड झाला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन प्रथम सुरू करताना शोधयंत्र निवडण्याची मुभा वापरणाऱ्याला द्यावी, असा आदेश दिला. या सर्व निर्णयांच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे, आणि ते असे की, जे आधीपासून बसवून दिलेले असते, ते बहुसंख्य लोक कधीच बदलत नाहीत. ज्याला पूर्वनियोजित रचना ठरवण्याचा अधिकार मिळाला, त्याला कोट्यवधी लोकांच्या सवयी घडवण्याचा अधिकार मिळाला. नव्या टॅबचे पान हे या अधिकाराचे सर्वांत नित्याचे आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित क्षेत्र आहे.

आता हे मोठे अर्थकारण तालुक्याच्या पातळीवर कसे उतरते ते पाहू. नव्या टॅबच्या मधोमध शोधाची चौकट असल्यामुळे नवशिका माणूस पत्त्याच्या पट्टीत पत्ता लिहीत नाही. तो चौकटीत ‘सातबारा’ किंवा ‘लाडकी बहीण’ असे शब्द लिहितो आणि जे प्रथम दिसेल ते उघडतो. प्रथम दिसणारे ते शासनाचेच असेल याची हमी नसते; ते पैसे देऊन वर आणलेले असू शकते, खासगी व्यक्तीने केवळ वर्दळ मिळवण्यासाठी काढलेले असू शकते, आणि क्वचित माहिती चोरण्यासाठी रचलेली हुबेहूब नक्कलही असू शकते. शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतो, ही खूण ज्याला ठाऊक आहे तो वाचतो. ज्याला ती कोणी सांगितलीच नाही, तो आपला आधार क्रमांक व बँक खात्याचा तपशील अनोळखी हाती देऊन मोकळा होतो. नव्या टॅबवर भूमी अभिलेख, आपले सरकार, महाडीबीटी आणि अकरावी प्रवेश यांचे खरे पत्ते आधीच मांडून ठेवलेले असते, तर या संकटाचे मोठे प्रवेशद्वार मुळातच बंद झाले असते.

दुसरी गोष्ट खासगीपणाची. घरच्या संगणकावर पूर्वभेटींचे चौकोन सोयीचे ठरतात, हे खरे. परंतु सेवा केंद्रातील, ग्रंथालयातील किंवा शाळेतील संगणक अनेकांच्या हाताखालून जातो आणि तेथे हेच चौकोन मागच्या माणसाची वाच्यता पुढच्या माणसापाशी करतात. कोणी कोणत्या बँकेचे पान पाहिले, कोणी कर्जाची चौकशी केली, कोणत्या भगिनीने कोणत्या आजाराविषयी वाचले, हे सारे लहान गावात, जेथे माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, तेथे उघडे पडणे किती क्लेशदायक असते, हे सांगावयास नको. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने असे तत्त्व घालून दिले आहे की, माणसाची संमती स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी, माहितीपूर्वक आणि स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. आणि त्याविषयीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे अर्थातच मराठीतही, वाचता आली पाहिजे. त्या कायद्याचा रोख माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या संस्थांवर आहे, चौकोनांवर नव्हे. तथापि जे तत्त्व कंपनीच्या दूरच्या भांडारातील माहितीला लागू करणे आपण आवश्यक मानले, ते समोरच्या पडद्यावरील माहितीच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट लक्षाची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. तालुक्याच्या अभ्यासिकेत तलाठी भरतीचा, पोलीस भरतीचा किंवा राज्यसेवेचा अभ्यास करणारा तरुण एखादी संकल्पना पाहण्यासाठी, मराठी विश्वकोशातील एखादी नोंद वाचण्यासाठी नवा टॅब उघडतो. पत्ता लिहिण्यापूर्वीच त्याच्या दृष्टीस क्रिकेटची धावसंख्या, एखाद्या अपघाताचे छायाचित्र आणि कोणा नटाच्या विवाहाची वार्ता पडते. आपण काय पाहावयास आलो होतो याचा त्याला विसर पडतो, आणि जी जिज्ञासा त्याला येथवर घेऊन आली होती, ती ज्ञानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विझते. या बातम्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. त्याने त्या मागितल्या असत्या तर त्यांत आक्षेपार्ह काहीच नव्हते. आक्षेप आहे तो त्या न मागता, आणि नेमक्या विचाराच्या आरंभबिंदूवर, आणून उभ्या करण्याला. त्यातून जेथे मोबाईलचे जाळे क्षीण असते, अशा जंगलालगतच्या गावांत या छायाचित्रांच्या भाराने मूळ कामही रखडते. कोरे पान मात्र यंत्राच्या आतूनच येते आणि त्यासाठी जाळ्याची मुळीच गरज पडत नाही.

या संदर्भात आपल्याच परिसरातील एक उदाहरण मला मार्गदर्शक वाटते. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आणि त्यासाठी वनविभागाने प्रकल्पालगतच्या गावांतील दिव्यांचा प्रकाश आकाशाकडे न उधळता खाली जमिनीवर पडेल, अशी व्यवस्था केली. दिवे काढून टाकून कोणाला अंधारात ठेवलेले नाही; जेथे प्रकाश हवा तेथे तो आहेच. परंतु आकाशाचा अंधार ही उणीव नसून राखण्याजोगी संपत्ती आहे, हे मान्य करून तो तेथे हेतुपुरस्सर राखला गेला, आणि म्हणूनच तेथे तारे दिसतात. पडद्यावरील कोऱ्या जागेकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ती भरून काढण्याची पोकळी नव्हे. माणसाचा स्वतःचा हेतू जेथे स्पष्ट दिसू शकतो, अशी ती जागा आहे, आणि ती राखण्यासाठी कोणीतरी तसा निश्चय करावा लागतो.

याच्या विरुद्ध काही आक्षेप घेतले जातील, आणि त्यांतील काही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, नवशिक्याला कोरे पान गोंधळात टाकते. त्याला चौकोनांचा आधार असतो, टंकलेखन न करता इष्ट स्थळी पोहोचता येते. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच सर्वांवर कोरे पान लादावे असे मी म्हणत नाही. ज्याला चौकोन हवे त्याला चौकोन मिळावेत, ज्याला बातम्या हव्या त्याला बातम्या मिळाव्यात. आग्रह एवढाच की, निवड त्याची असावी आणि ती त्याला प्रथमच विचारली जावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१५ मध्ये फायरफॉक्सने आपली मुभा मागे घेतली, तिचे कारण असे सांगितले गेले की, अपायकारक प्रणाली त्या मुभेचा गैरफायदा घेऊन वाचकाच्या नकळत त्याचा नवा टॅब भलत्याच स्थळी वळवीत असत. त्या काळात मोफत उतरवलेल्या एखाद्या प्रणालीबरोबर अनाहूत पट्ट्या येऊन ब्राउझरची सारी पाने ताब्यात घेत, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे, आणि तेव्हा संरक्षणाची गरज होती यात शंका नाही. परंतु चोर येतो म्हणून घरमालकाची किल्ली काढून घेणे हा संरक्षणाचा योग्य मार्ग नव्हे. एखाद्या एक्स्टेन्शनने नव्या टॅबचे पान बदलले असता, पूर्वीचे पान परत हवे काय, अशी विचारणा क्रोम करतोच. तशीच विचारणा करून मालकाची मुभा कायम ठेवता येते. शिवाय मुभा काढून घेतल्यामुळे वाचकाला ज्या एक्स्टेन्शनांकडे जावे लागते, त्यांतील कित्येक एक्स्टेन्शने त्याने पाहिलेल्या पानांतील मजकूर वाचण्याची परवानगी मागतात. म्हणजे एका धोक्यातून सोडवण्याच्या नावाखाली त्याला दुसऱ्या धोक्याच्या वाटेला लावले जाते.

तिसरा आक्षेप असा की, ब्राउझर विनामूल्य मिळतो, तेव्हा त्याचा खर्च कोठून तरी निघाला पाहिजे. हे म्हणणे रास्त आहे. मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखालील फायरफॉक्सचेही बहुतांश उत्पन्न शोधयंत्राशी केलेल्या करारातून येते. परंतु उत्पन्नाची गरज ही अधिकार संकोचण्याची सनद होऊ शकत नाही. जाहिरात दाखवावयाची असेल तर तसे स्पष्ट सांगावे, ती बंद करण्याचा मार्ग तितकाच स्पष्ट ठेवावा, आणि उरलेल्या संमतीवर आपला व्यवसाय करावा.

नवा टॅब केवळ वाचकाच्या इच्छेने उघडतो असेही नाही. संकेतस्थळेही तो उघडतात. शासकीय संकेतस्थळांवर एखाद्या दुव्यावर दाबताच नवा टॅब पुढे येतो, मागचे पान दिसेनासे होते, आणि मागे जाण्याचे बटण निरुपयोगी ठरते. कारण नव्या टॅबला मागे जाण्यासारखा पूर्वेतिहासच नसतो. ज्याला टॅबची पट्टी ओळखता येते त्याला हे क्षुल्लक वाटेल. परंतु पडद्याचे वाचन ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला, किंवा प्रथमच संगणकापुढे बसलेल्या वृद्धाला, आपण भरलेला अर्ज नाहीसा झाला असेच वाटते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुलभताविषयक मार्गदर्शनात, दुवे नव्या खिडकीत किंवा टॅबमध्ये केवळ आवश्यक तेव्हाच उघडावेत आणि त्याची पूर्वसूचना द्यावी, असा सल्ला दिलेला आहे. आपल्या राज्याच्या संकेतस्थळांनी तो कसोशीने पाळला, तर सेवा केंद्रावर न जाता घरच्या घरी अर्ज भरण्याचे धैर्य कितीतरी अधिक लोकांना येईल.

मग करावे काय? ब्राउझरच्या उत्पादकांकडून अपेक्षा एवढीच की, ब्राउझर प्रथम सुरू होताना मराठीत एक प्रश्न विचारावा: नवा टॅब कोरा उघडावा, आपल्या पसंतीच्या पत्त्यावर उघडावा, की कंपनीच्या पानावर? केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझर घडवण्यासाठी २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीला तिचे प्रथम पारितोषिक मिळाले. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या ब्राउझरने तर हा प्रश्न सर्वांआधी विचारावयास हवा.

परंतु उत्पादकांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुष्कळ काही आजच आपल्या हाती आहे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘होम’ या विभागात जाऊन नव्या टॅबसाठी रिकामे पान निवडता येते. एजमध्ये नव्या टॅबच्या वरच्या कोपऱ्यातील दातेरी चक्रावर दाबून बातम्यांचा ओघ बंद करता येतो. क्रोममध्ये त्या पानाच्या तळाशी असलेल्या बदलाच्या चिन्हातून, ब्राउझरने निवडलेले चौकोन काढून स्वतः निवडलेले चौकोन ठेवता येतात, किंवा सगळेच लपवता येतात. मोबाईलवरील क्रोममध्ये बातम्यांची यादीही बंद करता येते. शिवाय ‘सुरू होताना’ या सेटिंगमध्ये दोन-चार आवश्यक पत्ते लिहून ठेवले, तर ते टॅब ब्राउझरबरोबर आपोआप उघडतात, आणि नव्या टॅबची गरजच पुष्कळ अंशी कमी होते. अनेकांच्या वापरातील संगणकावर प्रत्येकासाठी अतिथी मोड उघडला, तर काम संपवून ती खिडकी बंद करताच पूर्वभेटींची नोंद पुसली जाते.

जे व्यक्तीने करावयाचे ते हे झाले. परंतु सार्वजनिक संगणकाचा भार व्यक्तीवर टाकणे योग्य नव्हे. सेवा केंद्रे जिल्हा प्रशासनाच्या नियंत्रणाखाली चालतात, केंद्रात शुल्काचा दरफलक ठळकपणे लावण्याची सक्ती त्यांच्यावर असते, आणि त्यामागचा हेतू नागरिकाची फसवणूक होऊ नये हाच असतो. त्याच हेतूने, केंद्रातील प्रत्येक संगणकाच्या नव्या टॅबवर शासनाच्या अधिकृत संकेतस्थळांची मराठी यादी असावी, पूर्वभेटींचे चौकोन व बातम्या बंद असाव्यात, आणि नागरिक उठून जाताच त्याच्या कामाच्या खुणा पुसल्या जाव्यात, अशी अट घालता येईल. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता व अनुदान मिळवणाऱ्या ग्रंथालयांतील आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील संगणकांनाही हाच नियम लावता येईल. तेथे मात्र यादीत विश्वकोश, शब्दकोश आणि पाठ्यपुस्तकांचे पत्ते असावेत, म्हणजे विद्यार्थ्याने नवा टॅब उघडला असता त्याच्यासमोर प्रथम ज्ञानाचे दार येईल.

यासाठी निधीची तरतूद नको, निविदा नको, नवी यंत्रणा नको. नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने एका पानाचे परिपत्रक काढावे, त्याबरोबर अधिकृत पत्त्यांची यादी जोडावी आणि पारशिवनी तालुक्यातील सेवा केंद्रे, ग्रंथालये व शाळा यांपासून अंमलबजावणीस आरंभ करावा. तहसील कार्यालयाने दरफलकाबरोबर हे पानही तपासावे आणि अनुभव जमेस धरून पुढील तालुक्यांत त्याचा विस्तार व्हावा. नागरिकाला सेवा मिळण्याचा हक्क ज्या राज्याने कायद्याने दिला, त्या राज्याने त्या सेवेकडे जाणाऱ्या पहिल्याच पानावर नागरिकाला परक्याच्या हेतूंच्या स्वाधीन करू नये. ही मागणी अल्प खर्चाची आहे, आजच अमलात येण्याजोगी आहे, आणि ती तडीस नेण्यास केवळ प्रशासनाच्या निश्चयाची आवश्यकता आहे.